ई-खात्यासाठी महापौरांचं पत्र चालतं का? अर्जंट मदत हवी आहे

वैतागलेला_बेळगावकर: नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून लिहितोय. घर आजोबांच्या नावावर आहे, घरफाळा दरवर्षी एप्रिलात पाच टक्के सूट घेऊन भरतो, एक रुपया बाकी नाही. आता घर विकायचं ठरलंय, गिऱ्हाईक तयार आहे, ॲडव्हान्स पण घेतला, पण रजिस्ट्रीला ई-खाता, म्हणजे घराचा ऑनलाइन उतारा, लागतो आणि ऑफिसातनं फाईल तीनदा परत आली. पहिल्यांदा फोटो नीट नाही, मग ईसी (बोजा नसल्याचा दाखला) जुनी झाली, आता म्हणतात नाव जुळत नाही. माझ्या चुलतसासऱ्यांची महापौरांशी चांगली ओळख आहे, त्यांच्या लेटरहेडवर पत्र आणलं तर काम होईल काय? गिऱ्हाईक महिनाअखेरपर्यंतच थांबणार. लवकर सांगा.

अनगोळकर: कुठला वॉर्ड? नाव कुणाचं कशाशी जुळत नाही? आणि आजोबांच्या नावावर म्हणजे आजोबा आहेत ना?

रिटायर्ड_मास्तर: महापौरांचं पत्र नेऊन काही होणार नाही बाळा. महापौर सभेला बसतात, ठराव करतात, सही आयुक्तांच्या हाताखालच्या माणसाची लागते. आणि आपल्याकडं महापौर एक वर्षाचा. ओळख होईस्तोवर दुसरा येतो. 2021 च्या सप्टेंबरात बेळगाव महापालिकेची निवडणूक झाली, 58 नगरसेवक निवडून आले आणि महापौर बसला 2023 च्या फेब्रुवारीत. दीड वर्ष गाव महापौराशिवाय चाललंच की, कुणाचा खाता अडला?

खडेबाजारचा_पक्या: मास्तर, कुणाचा अडला म्हणून काय विचारता, सगळ्यांचाच अडला होता. नगरसेवकाला विचारलं की म्हणायचा आधी बॉडी तरी बसू दे. लेटरहेड चालतं हो, मी स्वतः बघितलंय. पत्र दाखवलं की क्लार्क निदान खुर्ची तरी पुढं सरकवतो.

रिटायर्ड_मास्तर: खुर्ची मिळते, खाता नाही.

वडगावची_सून: आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांनी येतंय आणि पाइपलाइनला खणलेला रस्ता तसाच पडलाय, त्याची तक्रार कुठं करायची कुणी सांगेल काय?

वैतागलेला_बेळगावकर: ताई, नवीन धागा काढा प्लीज. @अनगोळकर आजोबा 1998 ला वारले, ते काय लिहायला पाहिजे होतं काय, घर जुनं आहे म्हटल्यावर समजतंय की. नावाचं म्हणाल तर उताऱ्यावर आजोबांच्या वडिलांचं नाव बाळू आहे आणि मृत्यू दाखल्यावर बाळाप्पा. माणूस एकच, एवढं साधं त्यांना कळत नाही.

अनगोळकर: अहो मग वारसा नोंद केलीच नाही का? सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मेलेल्या माणसाच्या नावानं घरफाळा भरूलात? आधी वारसांच्या नावावर खाता बदलायचा, मग ई-खाता. नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसातनं, वंशावळ काढा. वडिलांना भावंडं किती?

शहापूरचा_वकील_नव्हे: बाळू-बाळाप्पा हे आपल्याकडचं जुनंच दुखणं आहे. माझ्या पणजोबांना घरात शिवबा म्हणायचे, कुणीतरी कन्नडात लिहिताना शिवाप्पा केलं, शाळेच्या दाखल्यावर आणि तिसरंच. शेवटी स्टॅम्प पेपरवर अफिडेव्हिट केलं, की ही तिन्ही नावं एकाच माणसाची, आणि दोन पेपरांत जाहिरात दिली, एक मराठी एक कन्नड. झालं काम. दुसरं काही करू नका.

खडेबाजारचा_पक्या: जाहिरातीचे पैसे पाण्यात. एजंटाला द्या, चार दिवसात काम.

अनगोळकर: पक्या भावा, एजंट बाळूचा बाळाप्पा करणार आहे का? एजंट तोच कागद त्याच टेबलावर ठेवतो. फाईल नुसती हातात देऊन येऊ नका, 'सकाल'मध्ये घाला, म्हणजे मुदतीत काम करून द्यायची कर्नाटक सरकारची योजना. 2011 चा कायदा आहे, अर्जाला जीएससी नंबर मिळतो पंधरा आकडी, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं आणि दिवसाला वीस रुपये भरपाई, जास्तीत जास्त पाचशे. पाचशे रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही, पण नंबर असला की फाईल 'सापडत नाही' असं होत नाही.

सीमाभागी: मुळात अर्ज कन्नडातनं का भरायचा? पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं नोटिसा, कागद त्यांच्या भाषेत द्यायला पाहिजेत असं केंद्रानं 1956 लाच सांगितलंय. मराठीत अर्ज द्या, पोच मागा.

रिटायर्ड_मास्तर: सगळं बरोबर आहे, आम्ही आयुष्यभर तेच मागूलोय. पण याचं गिऱ्हाईक महिनाअखेरला चाललंय. लढायला वेगळा दिवस ठेवा.

वैतागलेला_बेळगावकर: वडिलांना दोन बहिणी, एक गडहिंग्लजला, एक इथंच, पण धाकट्या आत्याशी आमचं बोलणं नाही. त्यांचा काय संबंध, लग्नं झालीत त्यांची.

शहापूरचा_वकील_नव्हे: संबंध आहे!! आजोबांनी मृत्युपत्र केलं नसलं तर लेकींचा वाटा लेकाएवढाच. दोघींची सही तरी पाहिजे, नाहीतर रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र तरी. बाळाप्पाचं काम दोन दिवसाचं आहे, आत्याचं नाही. आणि हे व्हायच्या आधी ॲडव्हान्स घेतला कुणाच्या सल्ल्यानं?

अनगोळकर: मी मघाशीच विचारलं होतं भावंडं किती म्हणून. आता वॉर्ड तरी सांगा, ओळखीचा एक रेव्हेन्यू इन्स्पेक्टर आहे, विचारून बघतो.

वैतागलेला_बेळगावकर: वॉर्ड कसला, घर बेळगावात नाही हो. मी राहतो बेळगावात, घर आमच्या मूळ गावी, तिथं नगरपालिका आहे. गावाचं नाव नको, तिथल्या लोकांची तोंडं रोज बघायचीत.

रिटायर्ड_मास्तर: अरे देवा. मग बेळगावच्या महापौराचं पत्र तिथं कशाला नेणार होतास? तिथं नगराध्यक्ष असतो, आणि कागदावर सही अधिकाऱ्याची. दोन तास आम्ही इथं घसा सुकवला.

खडेबाजारचा_पक्या: तरी लेटरहेडनं खुर्ची मिळाली असती 😂

वैतागलेला_बेळगावकर: हसा. उद्या आत्याकडं जातोय. काय घेऊन जाऊ, कुंदा चालेल ना?

वडगावची_सून: कुंदा न्या, आणि वहिनींना सोबत न्या, एकटे जाऊ नका. पाण्याचं मात्र कुणीच सांगितलं नाही.

सीमाभागी: घर किती गुंठ्यात आहे आणि केवढ्याला दिलंत? मेहुणा बघूलाय तिकडं कुठंतरी.