परदेशी कंपनी विकत घ्यायची, तर पैसा कुठल्या बाजाराचा?

प्रश्न (विद्यार्थिनी, कालिना)
नमस्कार. मी मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. उदयोन्मुख देशातील बँका व भांडवल बाजार जितके विकसित, तितक्या तिथल्या कंपन्या परदेशातील कंपन्या अधिक विकत घेतात, असे माझ्या प्रबंधाचे गृहीतक आहे. खासगी क्षेत्राला दिलेल्या कर्जाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण ही मी मोजपट्टी धरली आहे. परंतु टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही युरोपातील पोलाद कंपनी सुमारे १२ अब्ज डॉलरना घेतली, तेव्हा कर्ज परदेशी बँकांनी उभे करून दिले. मग आपल्या बाजाराचा विकास यात कुठे आला?

उत्तर (निवृत्त बँक अधिकारी, दादर)
तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. शेअर खरेदीसाठी कर्ज देण्यावर आपल्या बँकांना कडक बंधने होती. त्यामुळे कोरसच्या व्यवहारातील बरेचसे कर्ज ब्रिटनमधील उपकंपनीच्या नावावर, कोरसच्याच कमाईतून फेडायच्या बोलीवर काढले गेले. टाटा टीने २००० मध्ये टेटली ही ब्रिटिश चहा कंपनी २७.१ कोटी पौंडांना घेतली, तेव्हाही वाट हीच होती.

मात्र एवढ्यावरून देशी बाजार गौण ठरवू नका, कारण त्याची खरी कसोटी खरेदीनंतर लागते. टाटा मोटर्सने २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलरना जग्वार लँड रोव्हर घेतली आणि त्यासाठी ३ अब्ज डॉलरचे ब्रिज लोन, म्हणजे कायमची सोय होईपर्यंतचे अल्पमुदतीचे कर्ज, उचलले. ते फेडण्यासाठी हक्कभाग, म्हणजे आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर, विक्रीस काढले, पण तोवर लेहमन ही अमेरिकी बँक कोसळली होती. त्या हक्कभागांचा अर्ज आमच्याही घरी आला होता. अर्जावर साध्या शेअरची किंमत ३४० रुपये, आणि शेजारी उघडलेल्या वर्तमानपत्रात तोच शेअर त्याहून स्वस्त! मी अर्ज भरला नाही. असंख्य भागधारकांनी तेच केले आणि उरलेला भार प्रवर्तकांवर व न खपलेले शेअर घेण्याची हमी दिलेल्यांवर पडला. पुढे २००९ मध्ये कंपनीने स्टेट बँकेच्या हमीवर ४,२०० कोटी रुपयांचे रोखे (कर्ज उभारण्याचे कागद) विकले. परदेशातला पैसा आटला, तेव्हा देशी बँकेची हमी कामी आली. तुमच्या मोजपट्टीत ही बाजू दिसत नाही, म्हणून रोखे बाजाराची खोली, म्हणजे त्यातून किती मोठी रक्कम उभी राहू शकते हे, वेगळे मोजा, असा माझा आग्रह आहे.

उत्तर (कंपनी सचिव, मुलुंड)
काकांच्या म्हणण्यात एक भर घालतो. भारतीय कंपन्यांच्या परदेशातील गुंतवणुकीची स्वयंचलित मार्गावरील (म्हणजे पूर्वपरवानगीशिवायची) मर्यादा रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये कंपनीच्या नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) २०० टक्के, जून २००७ मध्ये ३०० आणि त्याच सप्टेंबरमध्ये ४०० टक्के केली. रुपया घसरला तेव्हा, ऑगस्ट २०१३ मध्ये, ती १०० वर आणली आणि पुढच्या जुलैत पुन्हा ४०० केली. हा बदल वेगळा धरला नाही, तर नियम सैल झाल्याचे श्रेय तुम्ही नकळत बँकांच्या विकासाला द्याल.

उत्तर (सनदी लेखापाल, पार्ले)
उलट दिशाही, म्हणजे परदेशी कंपन्यांनी देशातल्या कंपन्या विकत घेणे, पाहावी. १९९७ च्या संकटानंतर कोरियातील कंपन्यांना कर्ज मिळेना, तेव्हा सॅमसंगचा मोटार व्यवसाय २००० मध्ये रेनोकडे आणि देवू मोटर २००२ मध्ये जनरल मोटर्सकडे गेली. आपल्याकडे एस्सार स्टील २०१९ मध्ये आर्सेलरमित्तल व निप्पॉन स्टीलने सुमारे ४२,००० कोटींना घेतली, ती दिवाळखोरी संहितेमुळे. थकीत कर्जाचा निकाल लावणारा कायदा हाही वित्तीय विकासच आहे, पण कर्जाच्या प्रमाणात तो उमटत नाही. म्हणून देशाबाहेर जाणारी आणि देशात येणारी अधिग्रहणे एकाच तक्त्यात मिसळू नयेत.