फिक्स खिडकीचे पुन्हा सीलिंग : आपले अनुभव सांगा

राजारामपुरीतील आमच्या घराच्या जिन्यात पश्चिमेकडे तोंड असलेली, न उघडणारी मोठी काच आहे. पावसाची झड लागली की तिच्या खालच्या कोपऱ्यातून भिंतीवर ओल उतरते. दोन वर्षे मी जुन्या सिलिकॉनवरच नवे फिरवले आणि दोन्ही वेळा ते सालपटासारखे सुटून आले. यंदा पावसाआधी हे काम नीट करायचे आहे, म्हणून ज्यांनी ते स्वतः केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिवाजी पेठ : आम्हीही काचेलाच दोष देत होतो. शेवटी तांब्याने पाणी ओतून पाहिले : आधी फक्त खिडकीखालच्या कडप्प्यावर, मग थोडे थांबून चौकटीच्या खालच्या सांध्यावर, नंतर बाजूंवर आणि सर्वांत शेवटी काचेच्या कडेला. वरून सुरुवात केली असती, तर ओघळ सगळीकडे पसरून काहीच कळले नसते. पाणी शिरत होते ते अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि गिलावा यांच्यामधून. तिथे बोट दाबताच सिमेंट भुसभुशीत होऊन हातात आले. दुकानदाराने दिलेल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा उग्र वास होता. त्यातले आम्ल सिमेंटला मानवत नाही, हे नंतर समजले, आणि मग आवर्जून ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागून आणले. रुंद फटीत आधी फोमची दोरी दाबून बसवली.

कळंबा : जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही, हेच आपल्या फसण्याचे कारण आहे. मला ब्लेडने खरवडून, कड स्पिरिटने पुसून कोरडी करण्यातच अख्खी सकाळ गेली. भरायला मात्र वीस मिनिटेही लागली नाहीत. वरचा थर लवकर सुकल्यासारखा वाटला, तरी निदान एक दिवस पाणी लागू देऊ नये.

मंगळवार पेठ : आमच्या वाड्यात सागवानी चौकटी आहेत. खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेली, काचेच्या कडेची जुनी लांबी (पुट्टी) तडकली होती. ती पटाशीने काढताना काच धरणाऱ्या बारीक खिळ्यांना धक्का लागू दिला नाही. लाकडाला आधी तेल पाजले, कारण कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि ती पुन्हा तडकते.

राजारामपुरी : सर्वांचे मनापासून आभार. आज तांब्याने तपासले. पहिलाच तांब्या कडप्प्यावर ओतला आणि आतली भिंत ओली झाली. कडप्प्याचा उतारच आतल्या बाजूला आहे. आता सिलिकॉनच्या आधी गवंड्याला बोलावतो.