जुनं मोटरहोम घेताना वर लाखभराचं सर्व्हिस कव्हर घ्यावं का?

पूर्णाकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. निवृत्तीचे पैसे हातात आलेत आणि टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेलं जुनं मोटरहोम घ्यायचं घरात ठरलंय. गाडी २०१९ची, बीएस-फोर डिझेल, पुण्यात उभी आहे. ज्या वर्कशॉपने आतलं काम केलं होतं तेच आता ती विकतंय. किंमत साडेसोळा लाख. त्यावर ते दोन वर्षांचं वाढीव सर्व्हिस कव्हर देतायत. त्याचे एक लाख दहा हजार, जीएसटी वेगळा आणि दर कामाला पहिले पाच हजार आपले. इंजिन, गिअरबॉक्स, एसी, फ्रीज, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप सगळं त्यात येतं म्हणतात.

माझा कल घेण्याकडे आहे. आम्ही दोघंही साठीपुढचे. नर्मदेकाठी जायचंय, कच्छात जायचंय. रस्त्यात गाडी बसली तर फोन उचलणारं कोणीतरी हवं. उलट मत असेल तर जरूर सांगा, फक्त कारणासकट.

वाघूर (धुळे)

आबा, घेऊ नका. आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, डिझेल गाड्यांची बिलं रोज डोळ्यांखालून जातात. १८ टक्के जीएसटी धरला की तुमचे १,२९,८०० झाले. आता जुन्या गाडीला खरा खर्च कशावर येतो? टायर, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बॅटरी, बेल्ट, होज पाइप, बुश. हे सगळं ‘झिजणारे भाग’ म्हणून अशा करारातून सहसा आधीच बाहेर काढलेलं असतं. कॉमन रेल इंजिनचा इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) गेला तर म्हणतील डिझेल खराब भरलं. नीट वापरलेल्या गाडीचा गिअरबॉक्स सहसा दोन वर्षांत जात नाही, आणि गेलाच तर ‘दोष आधीपासून होता’ हे उत्तर तयार.

तेच पैसे वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. काम निघालं तर त्यातून करा, नाही निघालं तर पैसे तुमचेच.

अनेरकाठ (मूळ शिरपूर, सध्या टेक्सास)

वाघूरभाऊ, पटलं नाही. इकडे जुनी आरव्ही (मोटरहोमला इथे तेच म्हणतात) घेणारे बरेच जण असा करार घेतात आणि त्यामागे विचार असतो. अमेरिकेच्या १९७५च्या मॅग्नुसन-मॉस या वॉरंटीच्या कायद्यानुसार ही वॉरंटी नव्हे. गाडीच्या किमतीत न येणारा, जादा पैसे भरून घेतलेला हा सर्व्हिस करार. त्याच्या दोन तऱ्हा असतात. एकात जे भाग लिहिलेत तेवढेच धरलेले. दुसऱ्यात जे वगळलेत ते सोडून बाकी सगळं. दुसरा महाग पडतो, पण त्यात वाद कमी होतात. आपल्या वाट्याची रक्कम वर्कशॉपच्या दर फेरीला कापतात की दर भागाला, हेही पाहावं लागतं. एकाच फेरीत पंप, फ्रीज आणि इन्व्हर्टर दाखवले तर पाच हजार जाणार की पंधरा, आबा, हे विचारलंत का?

आणि तुम्ही फक्त गाडीचा हिशेब मांडताय. मोटरहोममध्ये खालची गाडी एक आणि वरचं घर वेगळं. एसी एका कंपनीचा, बॅटरी दुसरीची, पंप तिसरीचा. घराचं काहीतरी सतत निघत राहतं. तुमच्यासारख्या धंदेवाल्याला एखादं मोठं बिल पचतं. पेन्शनवरच्या माणसाला एकाच महिन्यात दीड लाख काढणं जड जातं. कव्हर नफ्यासाठी घेत नाहीत, तो एक फटका अंगावर येऊ नये म्हणून घेतात.

बोरीथडी (अमळनेर)

अनेर जिभाऊ, तुमनं म्हननं खरं शे. माझ्या वडिलांसाठी मीही कव्हरच घेतलं असतं.

वाघूर (धुळे)

अनेरभाऊ, तुमच्याकडचं तुमच्याकडे ठीक. तिथे करार देणारा वेगळा, दुरुस्ती करणारा वेगळा, मागे बहुतेक वेळा विमा कंपनी. इथे वचन देणारं तेच, दुरुस्त करणारं तेच आणि काम करारात बसतं की नाही हे ठरवणारंही तेच वर्कशॉप. विमा कंपनीवर इर्डा, म्हणजे विम्याची सरकारी नियामक संस्था आहे. या वर्कशॉपवर कोण? उद्या त्यांनी शटर ओढलं तर आबांचा कागद कोणाला दाखवायचा?

शिवाय गाडी भुजला बंद पडली तर ती पुण्यापर्यंत ओढून न्यायची का? त्या टोइंगचे पैसे कोणाचे?

सारंगखेड्याला घोडा घेणारा माणूस दात बघतो, चालवून बघतो, मग बोलणी करतो. विकणारा दोन वर्षांची हमी देतोय म्हणून डोळे मिटून लगाम हातात घेत नाही. गाडी आधी तपासा.

गिरणाथडी (जळगाव एमआयडीसी)

मी गाड्यांचं वायरिंग आणि आतलं फिटिंग करतो. कव्हर घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण दोघांच्या बोलण्यात आपलं ऊन राहून गेलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचं छत त्याहून कितीतरी तापतं. छतावरच्या एसीच्या आणि स्कायलाइटच्या कडेला जे सीलंट भरलेलं असतं ते कडक होतं आणि केसासारखी चीर पडते. उन्हाळाभर कळत नाही. पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि प्लायवूडमध्ये मुरतं. वरून सनमायका छान दिसतो. म्हणून गाडी बघायला गेलात की एसीखालचा कोपरा, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि पलंगामागची भिंत अंगठ्याने दाबून बघा. प्लाय आत दबला किंवा वास आला तर किंमत साडेसोळावरून बरीच खाली आली पाहिजे. मी पाहिलेल्या अशा करारांत ‘गळती, ओलावा व गंज यामुळे झालेले नुकसान वगळून’ ही ओळ होतीच. मोटरहोमची सगळ्यात महाग दुरुस्ती नेमकी तीच असते.

दुसरं, ‘रात्रभर एसी चालतो’ असं सांगतील. बॅटरी विचारा. १२ व्होल्ट २०० अँपिअर-तास म्हणजे भरलेली असताना २.४ युनिट. एसी तासाला एक युनिट खात असेल तर दोन तासांत खेळ संपला. हा बिघाड नव्हे, बांधतानाच कमी पडलेली ताकद आहे, त्यामुळे कुठल्याच कव्हरमध्ये बसणार नाही. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य तर तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, म्हणजे भुसावळला ती लवकर जाणार हे धरूनच चाला.

टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी बिजासन घाट उतरायला असले टायर नकोत.

पांझरा (धुळे, वकील)

आबा, आधी आरसी बघा. त्यावर वाहनाचा प्रकार मोटर कॅरॅव्हॅन लिहिलाय की अजून प्रवासी गाडीच आहे? सीट काढून पलंग, ओटा, टाकी बसवलीय आणि आरसीवर त्याची नोंद नाही, तर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२चा, म्हणजे गाडीत केलेल्या फेरबदलांचा, प्रश्न उभा राहतो. अपघात झाला तर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, बांधणी त्याप्रमाणे मंजूर झाली होती का, तो कागद मागा. गाडी नावावर झाल्यावर विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करायला टाका. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता वाघूरभाऊंच्या ‘वर कोण’ या प्रश्नाचं उत्तर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. तुम्ही गाडी वर्कशॉपकडून घेताय आणि कव्हरचे पैसे मोजताय, म्हणजे तुम्ही ग्राहक आहात. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा ग्राहक आयोगात चालतो आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावला करता येते, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगासमोर तोंडी आश्वासन टिकवणं फार कठीण. ‘सगळं यात येतं’ हे फोनवर सांगितलेलं धरू नका, ईमेलवर लिहून घ्या. हीच गाडी एखाद्या खासगी मालकाकडून घेतली असती तर ग्राहक म्हणून दाद मागणं अवघड गेलं असतं, हेही लक्षात असू द्या.

वाघूर (धुळे)

ताई, कायदा मान्य. पण तारखांवर तारखा पडत असताना गाडी दारात उभी राहणार. आबांना फिरायचंय, खटला चालवायचा नाही.

अनेरकाठ (टेक्सास)

म्हणूनच करार आधी वाचायचा. वाचून पटला तर घ्यायचा, नाही पटला तर सोडायचा. सरसकट ‘घेऊ नका’ हे बरोबर नाही. गिरणाभाऊंनी सांगितलेली गळती मात्र इकडेही बहुतेक करारांतून वगळलेली असते, ते मान्य.

पूर्णाकाठ (भुसावळ)

सगळ्यांचे आभार. वर्कशॉपला आज ईमेल केला आणि उत्तर आलं. बाहेरगावी दुरुस्ती केली तर बिल दाखवून पैसे परत देऊ, पण एका वेळी पंचवीस हजारांपर्यंतच. पाच हजार दर भागाला कापणार. छताची गळती वगळलेली. टोइंग नाही. आरसीवर मोटर कॅरॅव्हॅन आहे, प्रत पाठवलीय.

म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स रस्त्यात गेला, ज्या भीतीने मी हे घेणार होतो, तिथेच कव्हर पंचवीस हजारांवर थांबतं. अनेरभाऊ, तुमचा मुद्दा मला पटला होता, अजूनही पटतो, पण या कागदात तो उतरत नाही. दोन वर्षांचं घेत नाही. एक वर्षाचं, पंचवीस हजारांची मर्यादा काढून देत असतील तर विचार करीन, असं कळवलंय. टोइंगसाठी विमा कंपनीचं रोडसाइड असिस्टन्स घेतो, मोटरहोमला ते लागू आहे का हे विचारून.

अनेरकाठ (टेक्सास)

या अटींवर मीही घेतलं नसतं, आबा. एक वर्षाचं मर्यादेशिवाय मिळालं तर मात्र सोडू नका.

वाघूर (धुळे)

मी तेही घेणार नाही, पण गाडी तुमची. पुण्याला जायच्या आधी फोन करा, आमचा मिस्त्री सोबत देतो. रॅम्पवर घेऊन खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, आणि शक्य झालं तर छतावर पाण्याचा पाइप सोडून अर्धा तास थांबा.