जीटी८६ ला ९ इंच रुंदीची चाके आणि २४५ चे टायर बसवावेत का?

इझारकाठ

माझी २०१३ सालची टोयोटा जीटी८६ म्युनिकमध्ये नोंदलेली आहे. तिच्यावर कंपनीचीच १७ इंची अलॉय चाके आहेत: रुंदी ७ इंच, ऑफसेट (चाक गाडीला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मि.मी. बाहेर आहे, ते माप) ४८ आणि टायर २१५/४५ आर१७ (२१५ मि.मी. रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, १७ इंची रिमसाठी). परिचयातील एका गृहस्थांकडे जपानी बनावटीची १७ इंची, ९ इंच रुंदीची, ४५ ऑफसेटची आणि ५×१०० बोल्टरचनेची (१०० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट) चाके विक्रीस आहेत. ती घेऊन त्यांवर २४५/४० आर१७ टायर चढवावेत, असे मनात आहे. सस्पेन्शन मूळचेच असून त्याला हात लावायचा नाही. गाडी प्रामुख्याने उन्हाळ्यात आल्प्सच्या घाटांत आणि क्वचित न्युर्बुर्गरिंग या रेसट्रॅकवर जाते.

माझ्या हिशेबाप्रमाणे रिम २ इंचांनी रुंद झाल्यामुळे प्रत्येक बाजूस २५.४ मि.मी. वाढतात आणि ऑफसेट ३ ने कमी असल्यामुळे चाक तेवढेच बाहेर सरकते. म्हणजे बाहेर २८.४ आणि आत २२.४ मि.मी. एवढ्या वाढीने टायर मडगार्डला किंवा स्ट्रटला (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला) घासेल का, स्टीअरिंगवर काय परिणाम होईल आणि ट्यूफच्या (जर्मनीतील वाहन तपासणी संस्थेच्या) तपासणीत हे मान्य होईल का, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

चाकोरी

आपला हिशेब रिमच्या कडेपुरता बरोबर आहे, परंतु घासतो तो टायर, आणि टायरचा फुगवटा रिमच्या रुंदीनुसार बदलतो. २१५/४५ चा टायर ७ इंची रिमवर साधारण २१३ मि.मी. रुंद भरतो, म्हणजे रिमच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंना सतरा-अठरा मि.मी. जास्त. २४५/४० ची प्रमाणित रुंदी ८.५ इंची रिमवर २४८ च्या आसपास असते आणि रिम अर्ध्या इंचाने वाढली की टायर सुमारे ५ मि.मी. ने पसरतो, त्यामुळे ९ इंची रिमवर २५३ धरावेत. दोन्ही टायरांतील फरक ४० मि.मी., म्हणजे प्रत्येक बाजूस २०. त्यात ऑफसेटचे ३ मिळवले तर टायर बाहेर सुमारे २३ आणि आत सुमारे १७ मि.मी. सरकतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरांत काही मि.मी. चा फरक असतोच, म्हणून हे आकडे अंदाजाचेच समजावेत.

उंचीची काळजी नाही. मूळ टायरचा व्यास ६२५ मि.मी. आणि २४५/४० चा ६२८, त्यामुळे स्पीडोमीटरमध्ये जाणवण्याजोगा फरक पडत नाही. खरी अडचण पुढच्या चाकांची आहे. मूळ सस्पेन्शनवर पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्याच्या जवळपास असतो, त्यामुळे टायरचा वरचा खांदा आत न झुकता सरळ मडगार्डच्या कडेखाली येतो; आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलेले असताना चाक खड्ड्यात गेले, तर मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे लाइनर घासण्याची शक्यता असते. कॅम्बर बोल्ट घालून वरचा भाग आत घेता येतो, पण तोच भाग आत स्ट्रटच्या अधिक जवळ जातो, हेही ध्यानात ठेवावे.

चाके विकत घेण्यापूर्वी एकच चाक टायरसह मागून आणावे. स्ट्रटवर आणि मडगार्डच्या आतील कडेवर मुलांच्या खेळण्यातली माती थापावी, एक पुढचे आणि त्याच्या तिरपे समोरचे मागचे चाक उंच ठोकळ्यांवर चढवावे, गाडीत दोन माणसे बसवावीत आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. मातीवर उमटलेला ठसा कोणत्याही तक्त्यापेक्षा विश्वासार्ह असतो.

घाटमाथा

बसेल की नाही हे वर आलेच आहे. बसवावे का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ही गाडी २०० अश्वशक्तीची, २०५ न्यूटन-मीटर टॉर्कची आणि सुमारे १२४० किलो वजनाची आहे. तिला मुद्दाम अरुंद आणि बेताच्या पकडीचे मिशेलिन प्रायमसी एचपी टायर दिले होते, जेणेकरून माफक वेगातही गाडीचा तोल चालकाच्या हातात यावा. २४५ टायरांसह जड रिम आली की फिरणारे वजन वाढते, आणि मुळातच मध्यम आरपीएमवर मरगळणारे हे इंजिन चढावर आणखी मंद वाटते.

रुंद टायरने जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ वाढते अशी समजूत असते, पण भार आणि हवेचा दाब तोच असेल तर ते फारसे बदलत नाही. बदलतो तो त्याचा आकार, जो लांबीत आखूड आणि रुंदीत मोठा होतो. वळणावरील पकड त्याने सुधारते आणि ट्रॅकवर टायर उशिरा तापतो, हे खरे. मात्र साचलेल्या पाण्यावर गाडी लवकर तरंगते आणि रस्त्यावरील चाकोऱ्या स्टीअरिंग ओढू लागतात. ऑफसेट फक्त ३ ने कमी असल्यामुळे स्टीअरिंगच्या भूमितीत फार बिघाड होणार नाही. स्टीअरिंग जड झालेच तर ते टायरच्या रुंदीमुळे. पकड हवी असेल तर आधी रबर बदलावे. ८ इंची, ४५ ऑफसेटच्या रिमवर चांगल्या स्पोर्ट जातीचा २२५/४५ घातला, तर टायर बाहेर जेमतेम ११-१२ आणि आत ५-६ मि.मी. सरकतो. घाटासाठी मी तेच निवडेन. न्युर्बुर्गरिंगवर वरचेवर जाणे होत असते, तर माझे मत वेगळे असते.

नियमावली

जर्मनीत खरा अडसर कागदपत्रांचा आहे. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी दर्जाचे शिक्के असतात, पण ट्यूफच्या तपासणीला ते पुरेसे नाहीत. चाकासोबत आपल्याच मॉडेलसाठीचे टाइलेगुटाख्टेन (सुट्या भागाच्या योग्यतेचा तज्ज्ञ अहवाल) असेल तर काम सोपे. नसेल तर वाहन नियमावलीच्या कलम २१ खालील स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि तिथे रिमच्या मजबुतीचा दाखला मागितला जातो. जुन्या आयात चाकांसाठी तो मिळणे फार कठीण असते. म्हणून पैसे देण्याआधी त्या रिमचा क्रमांक घेऊन तपासनिसाला प्रत्यक्ष भेटावे.

चाकाच्या मध्यावरील उभ्या रेषेपासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांच्या टप्प्यात टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा मडगार्डने झाकलेला असावा लागतो. २३ मि.मी. वाढीनंतर हे प्लास्टिकची पट्टी न लावता जमेल का, ते मोजूनच ठरवावे. बदल मंजूर न करता गाडी चालवल्यास तिचा परवाना रद्द ठरू शकतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनीशी वाद उद्भवतो. २२५/४५ चा व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे १.४ टक्क्यांनी मोठा आहे, त्यामुळे तो घेतल्यास तपासनीस स्पीडोमीटरची पडताळणीही मागू शकतो, कारण काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवलेला नियमांत चालत नाही.

इझारकाठ

सर्वांचे आभार. विक्रेत्याकडे कोणताही दाखला नाही, असे आजच समजले. त्यामुळे ती चाके मी घेत नाही. टाइलेगुटाख्टेन असलेल्या ८ इंची रिमांचा शोध सुरू केला आहे. त्यांच्या मधल्या छिद्राचा व्यास ७३.१ मि.मी. असतो, असे बऱ्याच ठिकाणी दिसते. ते चालेल का?

चाकोरी

आपल्या गाडीचा हब (चाकाचे मधले छिद्र ज्यावर बसते तो भाग) ५६.१ मि.मी. चा आहे, म्हणून ७३.१ वरून ५६.१ वर आणणारी सेंटरिंग रिंग प्रत्येक चाकाला हवी. ती नसेल तर चाक किंचित कडेला बसून वेगात स्टीअरिंग थरथरू शकते, आणि बॅलन्सिंग कितीही केले तरी ते जात नाही. ट्रॅकवर ब्रेक फार तापत असल्यामुळे प्लास्टिकऐवजी ॲल्युमिनियमची रिंग घ्यावी. नट एम१२×१.२५ आटीचे (१२ मि.मी. व्यास, आट्यांतील अंतर १.२५ मि.मी.) असतात; टोयोटाच्या बहुतेक इतर गाड्यांची आटी १.५ ची असल्यामुळे दुकानदार पुष्कळदा तेच हातात देतो. ते बळेच आवळल्यास, ज्या स्टडवर नट बसतो त्याची आटी खराब होते. मूळची ७ इंची चाके मात्र विकू नका, हिवाळी टायरांसाठी तीच कामी येतील.