टीका आणि सहकार्य : पुण्याचा प्लेग

साथ ओसरेपर्यंत सरकारवर टीका नको, हे मत मला पटत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडच्या देखरेखीखाली गोरे सोजीर (सैनिक) थेट देवघरापर्यंत शिरून झडती घेत, तेव्हा टिळकांनी 'केसरी'तून त्या पद्धतीवर कोरडे ओढले. पण त्याच वेळी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांनाही (हे सोयीस्करपणे विसरले जाते) धारेवर धरले. झडतीचा हेतू रोग रोखण्याचा होता, हे मान्य. परंतु लोक रुग्ण लपवू लागले ते सोजिरांच्या धाकाने, अग्रलेखांमुळे नव्हे. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्येही वापरला गेला, आणि सद्हेतूने केलेल्या कारवाईविरुद्ध दावा लावण्यास त्यात मनाई आहे. अशा वेळी वृत्तपत्रांनीही गप्प बसावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते.