मदत हवी आहे: पोरीची स्कूटी राजनांदगावहून घ्यावी का? टॅक्सचं गणित कोणी समजावून सांगा

नमस्कार मंडळी. मी देवरी तालुक्यातला, गोंदिया जिल्हा. धानाचा चुकारा खात्यात आला आहे आणि पोरीला 110 सीसीची स्कूटी घ्यायची आहे. कॉलेजला रोज एसटीची वाट पाहते, पहिला तास बुडतोच.

माझा साळा छत्तीसगडात राजनांदगावला राहतो. तो म्हणतो, "भाऊजी, इकडंच घ्या, माझ्या नावानं पासिंग करू, चार-पाच हजार वाचतील." मला वाटत होतं की 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हापासून सगळीकडं टॅक्स सारखाच. मग हा फरक काहून?

दुसरंही एक कोडं आहे. छत्तीसगडच्या सीमेवरची बाघनदी ओलांडली की पेट्रोल चार-पाच रुपयांनी स्वस्त मिळतं, म्हणून आमच्याकडचे लोक तिकडं गेले की टाकी भरून येतात. पण मागच्या महिन्यात ट्रॅक्टरसाठी डिझेल आणायला गेलो, तर ते आपल्यापेक्षा महाग निघालं. फेरा फुकट गेला. टॅक्स कमी असेल तर दोन्ही स्वस्त नको का?

जाणकारांनी सांगावं. आठ दिवसांत गाडी बुक करायची आहे.

उत्तर 1
भाऊ, पेट्रोल-डिझेल जीएसटीत आलेलंच नाही. दारूही नाही. त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं, आणि दोन्ही इंधनांचा दर वेगळा ठरवतं. महाराष्ट्रात पेट्रोलवर 25 टक्के आणि वर लिटरमागं 5 रुपये 12 पैसे, डिझेलवर 21 टक्के. छत्तीसगडात पेट्रोलवर 24 टक्के आणि वरची ठरावीक रक्कम आपल्याहून बरीच कमी, पण डिझेलवर 23 टक्के आणि वर थोडे पैसे. म्हणून पेट्रोल तिकडं स्वस्त, डिझेल इकडं.

उत्तर 2
गाडीचं मी सांगतो, कारण हा घोळ माझ्या घरात झाला आहे. जीएसटी दोन्हीकडं एकच: 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीला 18 टक्के, आधी 28 होता. फरक रोड टॅक्सचा, तो राज्याचा असतो. आपल्याकडं 100 ते 299 सीसीला 11 टक्के. ऐंशी हजारांची गाडी धरली तर 8,800 रुपये.

पण गाडी जिथं राहणार, तिथंच पासिंग करायचं असा कायदा आहे. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मग सीजी 08 चं एमएच 35 करायला तिकडच्या आरटीओची एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, तिकडं भरलेला परत मिळावा म्हणून वेगळा अर्ज करा. आमच्या भावाला त्यातच सहा महिने लागले. वाचवलेले पैसे येण्याजाण्यातच संपले.

आणि त्याहून मोठं म्हणजे, मालक तुमचा साळा असेल तर 15 लाखांचा मालक-चालक अपघात विमा त्याच्या नावाचा. गाडी चालवणार तुमची पोर, देव न करो पण काही झालं तर तिला त्यातून एक पैसा मिळणार नाही. गाडी तिच्याच नावानं घ्या.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. विम्याचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, ते वाचून अंगावर काटा आला. पोरीच्या नावानं, गोंदियातच घेतो. साळ्याला रात्री फोन करून सांगतो, त्यानं भल्यासाठीच सुचवलं होतं.

आता एकच विचारतो. तिचं लायसन्स अजून लर्निंगचं आहे. पक्कं लायसन्स मिळेपर्यंत तो मालक-चालक विमा लागू होतो का? कोणाला ठाऊक असेल तर लिहा, बुकिंग तोवर थांबवतो.