मदत हवी: बॉयलरच्या नोंदींवरून शिकवलेलं मॉडेल उलटं उत्तर देतंय

भट्टीकाठी:
साखर कारखान्यात गाळप चालू आहे, लवकर सांगा. बॉयलरचं स्टीम प्रेशर ४५ किलोवर (दर चौरस सेंटीमीटर) धरायचंय. पीआयडी (प्रेशर आपोआप सांभाळणारा कंट्रोलर) दिवसा नीट चालतो, रात्री ओला बगॅस (उसाचा चोथा, आमचं जळण) आला की प्रेशर झुलतं. ओलावा मोजायची सोय नाही, त्यामुळे समीकरण मांडता येत नाही. म्हणून तीन आठवड्यांच्या नोंदींवर नादाराया-वॉटसन कर्नल रिग्रेशन (जवळच्या नोंदींना जास्त वजन देऊन सरासरी काढणारं मॉडेल) बसवलं. ते म्हणतंय, फीडर वाढवला की प्रेशर घटतं! बँडविड्थ (किती लांबच्या नोंदी धरायच्या ते) बदलूनही तेच.

जुना_फोरमन:
फीडर बगॅसचा की पाण्याचा? गार पाणी आत गेलं तर प्रेशर बसणारच.

भट्टीकाठी:
बगॅसचा हो, भट्टीत जळण टाकणारा.

रिलेवाला:
मॉडेल सोडा. ऑस्ट्रॉम-हॅगलुंडचा १९८४ चा रिले प्रयोग करा. लूप (प्रेशर मोजून फीडर हलवणारं चक्र) डोलवा, डोलण्याचा काळ आणि उंची यांवरून गेन (पीआयडीने किती जोरात हलायचं ते आकडे) काढा. माझ्याकडे कायम हेच.

भट्टीकाठी:
केलंय. दुपारचे गेन रात्री चालत नाहीत, तोच प्रश्न आहे.

आकडेमोड:
नोंदी घेताना लूप ऑटोवर होता?

भट्टीकाठी:
ऑटोवरच. गाळपात मॅन्युअलवर कोण टाकेल?

आकडेमोड:
हे आधी सांगायचं. प्रेशर पडलं म्हणून पीआयडीने फीडर वाढवला. मॉडेलला पडलेलं प्रेशर आणि वाढलेला फीडर जोडीनेच दिसले. ते बॉयलर शिकलंच नाही, तुमचा पीआयडी शिकलं. बँडविड्थने हे सुटत नाही.

जुना_फोरमन:
सगळं नोंदींवर ढकलू नका. ओला बगॅस पडला की जाळ आधी काळवंडतो. पाणी उडेपर्यंत प्रेशर खरंच उतरतं, मग चढतं. भट्टीच्या काचेतून बघा.

वाळवण:
धुराच्या उष्णतेवर चालणारा बगॅस ड्रायर बसवा.

रिलेवाला:
ऐन हंगामात?

आकडेमोड:
फोरमनकाका म्हणतात तेही होतं. वेगळं करायचं तर लूप ऑटोवरच ठेवून फीडरच्या वेगात २ टक्क्यांचे चढउतार घाला. वर की खाली हे नाणं उडवून ठरवा, म्हणजे आधीच्या प्रेशरशी त्याचा संबंध उरत नाही. मग चढ आणि उतार यांनंतरच्या प्रेशरची मिनिटागणिक वेगवेगळी सरासरी काढून फरक बघा. ओली आणि कोरडी पाळी एकत्र करू नका.

भट्टीकाठी:
दोन रात्री केलं. कोरड्या मालावर चढ दिला की प्रेशर सरळ वर. ओल्यावर आधी खाली, मग वर. दोघांचंही बरोबर निघालं. आता ओलाव्याच्या जागी मॉडेलला काय देऊ?

जुना_फोरमन:
भट्टीचं तापमान. ओल्या मालाची खबर तिथे आधी लागते.

आकडेमोड:
सोबत धुरातला ऑक्सिजन द्या. आणि शिकवताना फक्त या दोन रात्रींच्या नोंदी घ्या, जुन्या तीन आठवड्यांच्या नकोत.